पांढऱ्या पेशी वाढल्या, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘पांढऱ्या पेशी दिसेल तो जंतू गिळून टाकतात’ असं छापून आलं आहे. मी कुडाळातल्या लॅबमध्ये रोज रक्ताच्या काचपट्ट्या बघते, म्हणून लिहिते. गिळणं इतकं सोपं नसतं.

न्यूमोनियाचा न्यूमोकोकस घ्या. त्याचं वेष्टन असं बुळबुळीत की पेशीला तो धरताच येत नाही. आमच्याकडे वाम कापताना आधी चुलीतली राख चोळतात, तेव्हा कुठे ती मुठीत राहते. रक्तातली राख म्हणजे आयजीजी प्रतिपिंडं (जंतू ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं) आणि सी३बी हे पूरक प्रथिन (प्रतिपिंडांच्या जोडीने जंतूशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांपैकी एक). ती जंतूला चिकटली की पेशी त्यांना धरून जंतू आत ओढते. मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने पेशींचं हे गिळणं १८८२ मध्ये ओळखलं. रक्तद्रव त्यांना मदत करतो हे राइट आणि डग्लस या संशोधकांनी १९०३ मध्ये दाखवलं. मधली वीस वर्षं पेशी मोठ्या की रक्तद्रव, यावर विद्वान भांडत बसले!

पेशींना संसर्गाच्या जागेवर बोलावतात ते सी५ए आणि इंटरल्यूकिन-८ हे रासायनिक सांगावे. टी पेशींकडून (याही एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गॅमा इंटरफेरॉन हा असाच सांगावा मिळाला की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी, गिळलेला जंतू जास्त जोमाने मारतात.

लेप्टोचा, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू मात्र बेरकी. पूरक प्रथिनांना आवर घालणारं आपल्याच रक्तातलं फॅक्टर एच हे प्रथिन तो अंगावर ओढून घेतो आणि त्यांना चुकवतो. मग सगळी भिस्त प्रतिपिंडांवर, आणि ती पुरेशी तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तेवढ्यात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नेमके हेच दिवस लोक काढा पिऊन काढतात. मग रिपोर्ट हातात घेऊन मलाच विचारतात, “पेशी वाढल्यो, म्हणजे आता बरा वाटतला मां?” काय सांगायचं?

तेव्हा भातलावणीच्या तोंडावर पुरवणीत लेप्टोवर सविस्तर लिहावं. चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर लगेच दवाखाना गाठावा. लेप्टोसाठी आरोग्य केंद्रातून मिळणारी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, हेही छापा. उपाशीपोटी मळमळतं म्हणून बऱ्याच बायका ती घेतच नाहीत.

आपली,
एक लॅब तंत्रज्ञ, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग