गणपतीच्या आधी पैसे पडणार होते ना, साहेब?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय, सादर नमस्कार.

फेलोशिपची थकबाकी गणपतीच्या आधी खात्यावर पडेल असं आम्हाला सांगितलं होतं. गणपती गेले, नवरात्र संपलं. काल परत चौकशीला गेले तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, फाईल वर गेलीये. अकरा महिने हेच ऐकतेय.

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात पीएचडी करते, राहते धायरीत. काम एवढंच की नळाच्या, टँकरच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे घरच्या घरी कळावं. आता ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, पण किती पिवळं ते ज्याच्या त्याच्या नजरेवर. आम्ही बनवलेल्या डबीत डीपीडीची, म्हणजे क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाची गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं आणि हिरव्या एलईडीचा उजेड त्यातून किती पार जातो त्यावरून आकडा येतो. लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली आला की ते पाणी तसंच प्यायचं नाही.

2025 च्या जानेवारीत जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार पसरला आणि संशय दूषित पाण्यावर होता, तेव्हा नांदेड गाव, किरकिटवाडी, सगळा सिंहगड रोडचा पट्टा घाबरलेला, पुणे परिसरात पेशंट दोनशेच्या वर गेले. आमच्या शेजारच्या काकू सकाळी पलंगावरून उठायला गेल्या आणि पाय उचलेनात. दुसऱ्या दिवशी काका पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या दारात, "तू पाण्याचंच शिकतेस ना, मग हे प्यायचं का नाही एवढं सांग." मला सांगता आलं नाही साहेब. तो तांब्या अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आज डबी तयार आहे, पण तिचा आकडा ज्याच्याशी ताडून बघायचा तो स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे पाण्यातून किती उजेड पार जातो ते अचूक मोजणारं लॅबमधलं यंत्र, मार्चपासून बंद पडलाय. दुरुस्तीचं कोटेशन 42 हजार, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 49,560. एवढ्यासाठी चार सह्या लागतात आणि तिसऱ्या सहीवर कागद अडकलाय. गोळ्या सर स्वतःच्या खिशातून आणतात.

आणि माझं म्हणाल तर आईच्या पाटल्या गहाण आहेत, खोलीचं भाडं दोन महिने भाऊ भरतोय, एकतिसाव्या वर्षी त्याच्याकडे पेट्रोलला पैसे मागताना मान खाली जाते. सोबतची एक मुलगी पीएचडी सोडून बँकेच्या परीक्षेला बसली, हुशार होती हो, माझ्यापेक्षा हुशार.

2020-21 च्या सरकारी आकड्यानुसार देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो, त्यात 2022 मध्ये सरकारी संस्थांना उपकरणांवर मिळणारी 5 टक्के जीएसटीची सवलतही काढली, तिथेही 18 लावला. संशोधनाला पैसे देण्यासाठी काढलेल्या नवीन अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनला 5 वर्षांत 50 हजार कोटी जाहीर झाले म्हणे, आमच्या लॅबमध्ये त्यातलं गोळ्यांचं एक पाकीटही आलेलं नाही. भाषणात आम्ही देशाचं भविष्य आणि खिडकीवर गेलं की भिकारी, हे कुठवर सहन करायचं? पोरं परदेशात जातात म्हणून ओरडता, मग इथे राहिलेल्यांना जगू तरी द्या ना.

थकबाकीची तारीख लेखी द्या आणि पन्नास हजारांपर्यंतच्या दुरुस्तीची सही विभागप्रमुखांच्या हातात द्या. काकू आता वॉकर धरून जिन्यापर्यंत येतात आणि मला बघितलं की विचारतात, झाली का गं तुझी डबी.

धायरीतली एक संशोधक विद्यार्थिनी