‘अंगी लागत नाही’, याचीही तपासणी असते

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला रक्तक्षयावरचा लेख वाचला. पालेभाज्या, खजूर, लोहाच्या गोळ्या, सगळं आलं. घेतलेलं लोह आतड्यातून रक्तात उतरतं का, हे मात्र राहिलं. ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ असं आपण सहज म्हणतो. ते मोजता येतं. मी लॅब टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं मोजलंय.

डी-झायलोज टेस्ट म्हणायचे तिला. रात्रभर उपाशी असलेल्या पेशंटला सकाळी लघवी करून यायला सांगायचं आणि 25 ग्रॅम झायलोज पाण्यात विरघळवून पाजायचं. या साखरेला स्वादुपिंडाच्या रसाची गरज नसते. लहान आतड्याचं अस्तर धड असेल, तर ती सरळ रक्तात जाते आणि तिथून बरीचशी लघवीत. पुढच्या पाच तासांची सगळी लघवी बाटलीत धरायची. त्यात 4 ग्रॅमच्या वर झायलोज निघालं तर ठीक. कमी भरलं की स्प्रू, सीलिअ‍ॅक, जिआर्डिया अशा आतड्याच्या आजारांचा शोध सुरू. साडेतीन तास उलटल्यावर एखाद्या आजी संकोचून सांगत, “बाळा, मघाशी तशीच जाऊन आले रे.” झालं! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मूत्रपिंड अधू असेल तर आकडा उगाच कमी येई, म्हणून रक्तही घ्यायचो.

आता ही टेस्ट क्वचितच कोणी लिहून देतं. सीलिअ‍ॅकचं निदान टीटीजी ही रक्ततपासणी आणि एंडोस्कोपीतून काढलेला आतड्याचा तुकडा, यांवर होतं. माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन दोन वर्षं गोळ्या खाऊनही आठच्या वर सरकेना. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, आणि सीलिअ‍ॅकमध्ये गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनापायी खराब होतं ते नेमकं तिथलं अस्तर. पण कुणीतरी सांगितलं म्हणून तिने तपासणीआधीच गहू बंद केला, ज्वारीच्या भाकरीवर राहिली. बरं वाटलं. सहा महिन्यांनी रक्त दिलं, तर टीटीजी नॉर्मल! आजार असला तरी गहू सोडल्यावर टीटीजीची पातळी उतरत जातेच.

गहू सोडण्याआधी तपासणी करा, एवढी ओळ पुढच्या लेखात जरूर छापा. आमची भाची सध्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, पोट धरून, रोज पोळी खाते आहे. पुढच्या महिन्यात एंडोस्कोपी आहे.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा