वठलेलं झाड तोडण्याआधी: माननीय वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: कोल्हापूर जिल्ह्यातील वठलेल्या व ढोलीच्या झाडांच्या तोडीबाबत

महोदय,

कोल्हापूरहून पत्र आलं म्हणजे विषय गवा, हत्ती नाहीतर बिबट्याचा असणार, हे आपल्या कार्यालयाने धरूनच ठेवलेलं असेल. गवे उसात शिरतात, आजरा-चंदगडात हत्ती भाताची नासधूस करतो, मग पंचनामा, मग भरपाई. मी लिहितोय ते चिमणीहूनही लहान असलेल्या एका पक्ष्याबद्दल. शिलिंध्रीने आजवर कुणाच्या पिकाला चोच लावलेली नाही, त्यामुळे तिची फाईलच कधी तयार झाली नाही.

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात, आंबा घाटाच्या बाजूला, किंवा भुदरगडच्या एखाद्या जुन्या देवराईत सकाळी उभं राहिलं तर ती दिसते. पाठ जांभळट निळी, कपाळावर काळ्या मखमलीचा पट्टा, चोच पोवळ्यासारखी लाल, डोळा पिवळा. नराच्या डोळ्यामागे काळी भुवई असते, मादीला नसते. ‘सिट्-सिट्-सिट्’ असा बारीक आवाज आधी येतो, पाठोपाठ ती. बहुतेकदा एकटी नसतेच. इतर किडेखाऊ लहान पक्ष्यांची मिश्र टोळी झाडामागून झाड धुंडाळत जाते, त्यात हिची एखादी जोडी असते.

बघण्यासारखी आहे ती तिची चाल. सुतार पक्षी ताठ शेपटीचा टेकू घेत खोडावर चढतो. शिलिंध्री शेपटी वापरतच नाही. एक पाय वर रोवून त्याला लोंबकळायचं, दुसरा खाली टेकवायचा आणि डोकं खाली करून सरसर उतरायचं. ऐनाच्या झाडाच्या भेगाळलेल्या सालीवर तिला एकदा निवांत बघाच. खालून चढणाऱ्या पक्ष्याच्या नजरेतून जी फट निसटते, ती हिला वरून येताना दिसते. चोच आत जाते, कोळी नाहीतर किडा बाहेर येतो, आणि ती फांदीच्या पोटाला उलटी चिकटून पुढे निघते. अंदाजे बारा सेंटिमीटरच्या जिवाचा हा उद्योग दिवसभर चालतो, आणि झाडाची साफसफाई फुकटात होते.

आता मुद्द्याचं. शिलिंध्रीला घर लागतं ते ढोलीत, आणि घरासाठी नवी ढोली कोरणं तिच्या नाजूक चोचीचं काम नाही. झाड म्हातारं होतं, फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, आतलं लाकूड मऊ पडतं. मग सुतार किंवा तांबट पक्षी तिथे बीळ कोरतो, घरटं करतो, पिल्लं उडाली की सोडून जातो. त्या रिकाम्या बिळात शिलिंध्री शेवाळ, केस, पिसं आणून अंथरते. तोंड मोठं असेल तर चिखलाने लिंपून आपल्या मापाचं करून घेते. पांढऱ्या अंड्यांवर तांबडे ठिपके असतात. हे सगळं पावसाळ्याआधी, फेब्रुवारी ते मेच्या सुमाराला.

आणि आपल्याकडे तोड कधी चालते? त्याच महिन्यांत. रानात ट्रक जातो तो कोरड्या दिवसांत, आणि पावसाच्या आत माल बाहेर काढायची ठेकेदाराला घाई. पहिली कुऱ्हाड पडते वठलेल्या, पोकळ झाडावर. ‘वाळलंच आहे, जळणाला जाईल’ म्हटलं की कुणाची हरकत नसते. माझीही नसती, जर ते झाड खरंच रिकामं असतं.

राधानगरी अभयारण्याला कायद्याचं कुंपण आहे. १९५८ साली गव्यासाठी राखलेलं हे जंगल २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथली काळजी आपलं खातं घेतंच. पण शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड इथलं बरंच रान मालकीचं आहे. शेतकरी ते उक्तं देऊन टाकतो, कारण पोरीचं लग्न असतं नाहीतर सोसायटीचं कर्ज. त्याला दोष देऊन उपयोग नाही. देवराईची गोष्ट मात्र मनाला लागते. जिथे देवाच्या भीतीने कुणी वाळकी काटकी उचलत नव्हतं, तिथे देवळाच्या जीर्णोद्धाराला स्लॅब हवा म्हणून झाडं विकली जातात. देव तोच, फक्त त्याला आता फरशी हवी झाली.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे वृक्षारोपण. २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं, आम्हीही खड्डे खणले. पण रोपाला ढोली नसते. ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा निलगिरीची सरळसोट रांग वाढते भराभर आणि तोडलीही जाते भराभर. पोकळ होण्याइतकं म्हातारपण तिच्या वाट्याला येत नाही. एका ढोलीच्या ऐनाच्या बदल्यात दहा रोपं लावली, तर कागदावर नऊ झाडांचा नफा दिसतो. सुतार, तांबट, पिंगळा, पोपट, शिलिंध्री यांच्या हिशेबात मात्र एक चाळच पडलेली असते.

शिलिंध्री दुर्मीळ आहे, असं मी म्हणणार नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून इंडोनेशियापर्यंत ती आहे आणि धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत तिची नोंद ‘चिंता नसलेली’ अशीच आहे. पण आपल्या रानातली जुनी झाडं संपली, तर इंडोनेशियातल्या शिलिंध्रीचा आम्हाला काय उपयोग?

मागणी मोठी नाही, नवा कायदाही नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना धक्का लावणंही येतं. तेवढंच तोडीच्या कागदात उतरवा. पाहणीला गेलेला वनपाल झाडाचा घेर आणि जात लिहितो. त्याच कागदावर ‘ढोली आहे का, वापरात आहे का’ एवढा एक रकाना घाला. उत्तर ‘हो’ असेल, तर फेब्रुवारी ते मे त्या झाडाला हात लावायचा नाही. मालकीच्या रानात काही वठलेली झाडं उभी ठेवायची अट घाला आणि मालकाला त्यांचा मोबदला द्या. पोकळ लाकडाला भाव जळणाचाच असतो, तिजोरीला ते जड जाणार नाही. रस्त्याकडेचं झाड खरोखर धोक्याचं असेल, तर फांद्या उतरवा, शक्य तिथे खोड राहू द्या.

ढोली ओळखायला वनरक्षकांना प्रशिक्षण लागेल, असं कुणी म्हणेल. राधानगरी, आंबा भागातले गाईड आणि जिल्ह्यातले पक्षीनिरीक्षक ते आनंदाने देतील, मानधनाशिवाय. तोडीची गडबड दिवाळीनंतर सुरू होते. परिपत्रक त्याआधी निघालं, तर यंदाच्याच परवानग्यांना लागू होईल.

आपला,
कोल्हापुरातला एक पक्षीनिरीक्षक