इंजेक्शननंतरच्या अर्ध्या तासासाठी

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

आपली बदली झाल्याचे गेल्या खेपेला कळले, तेव्हा आपण रुजू होण्यासाठी निघूनही गेला होता आणि समोरासमोर आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माळशिरस तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या इंजेक्शनच्या खोलीत आपण तीन वर्षे जे काम केले, ते इतर पालकांनाही कळावे अशी माझी इच्छा आहे.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना घसा दुखून ताप आला, तो गेला, आणि दोन-तीन आठवड्यांनी आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट असे सांधे एकामागून एक सुजू लागले. सोलापूरला इको (हृदयाची सोनोग्राफी) काढल्यावर हृदयाची एक झडप थोडी गळत असल्याचे निघाले. हा घशातल्या जंतूंच्या संसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप असून घशात पुन्हा तेच जंतू शिरले तर झडपेला आणखी इजा होईल, म्हणून वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत दर २१ दिवसांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटचे इंजेक्शन घ्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. वर्षाला सतरा इंजेक्शने! माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. १९५४ साली स्थापन झालेल्या त्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होत असे आणि आमच्या घरात तो शब्द फार आदराने उच्चारला जाई. त्याच पेनिसिलिनसाठी आम्ही औषधाची कुपी हातात घेऊन तीन दवाखान्यांत गेलो आणि तिन्ही ठिकाणी ‘रिॲक्शन येते, आम्ही देत नाही’ असे ऐकून परतलो. चौथ्या ठिकाणी मुलीला उभ्यानेच सुई टोचली, काही विचारले नाही आणि लगेच घरी जायला सांगितले. नकार देणाऱ्यांची भीती मी समजू शकते, पण त्या चौथ्या ठिकाणची बेफिकिरी मला आजही माफ करता येत नाही.

आपण मात्र पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून घेतले. यापूर्वी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या का, दम्याचा त्रास आहे का, घरात कोणाला पेनिसिलिन सोसले नाही असे झाले का, हे विचारून सारे केसपेपरवर लिहिले. हातावर चाचणी घेतली आणि ती नीट आली, तरी ‘चाचणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहायचे नाही’ असे बजावले. जीवघेणी रिॲक्शन आली तर द्यायच्या ॲड्रेनलिनची कुपी आणि सिरिंज ट्रेमध्ये आधी मांडली, आणि वेळ आलीच तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, क्षणाचाही उशीर न करता द्यायचे असते, हे मलाही समजावून सांगितले.

औषध तयार करतानाची आपली पद्धत मला आता पाठ झाली आहे. कुपीवरचे नाव आपण दोनदा वाचत होता, कारण पेनिसिलिनचे काही दुसरे प्रकार शिरेतून देता येतात, हे मात्र कधीही नाही. दुधासारखे दाट असलेले हे औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर जीवावर बेतू शकते. निर्जंतुक पाणी घालून कुपी नीट हलवायची, सुई तुंबू नये म्हणून ती जाड घ्यायची, मुलीला पालथे झोपवायचे, कमरेखाली वरच्या बाहेरच्या भागात सुई खोल घालून दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचे आणि मग सावकाश औषध सोडायचे. एका खेपेला सिरिंजमध्ये रक्त दिसले, तेव्हा आपण ते औषध टाकून दिले आणि नवी कुपी फोडली.

आणि मग तो अर्धा तास. बाहेर कितीही रांग असली, तरी मुलीला खोलीतल्या बाकावर अर्धा तास बसवल्याशिवाय आपण कधी सोडले नाही. चौथ्या खेपेला ती उठून उभी राहताच पांढरीफटक पडली आणि कोसळली. मी किंचाळले. आपण तिला आडवे केले, पाय वर उचलून धरले, नाडी मोजली, अंगावर गांधी आहेत का, ओठ सुजलेत का, श्वासाला घरघर आहे का, हे एकेक पाहिले. नाडी मंद होती, बाकी काहीच नव्हते, आणि दोन मिनिटांत तिने डोळे उघडले. मी त्याच क्षणी हे इंजेक्शन कायमचे बंद करायला निघाले होते. डॉक्टरांनी तपासल्यावर आपण कार्डावर लिहिले : ‘घाबरून चक्कर. रिॲक्शन नाही. पुढील वेळी खाऊन यावे, झोपवूनच द्यावे.’ त्या एका ओळीचे मोल मला नंतर समजले. तिथे ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले गेले असते, तर ज्या जंतूने तिच्या झडपेला धक्का लावला, त्याच्यावर जे औषध आजही लागू पडते, तेच औषध तिच्यासाठी कायमचे बंद झाले असते, आणि रोज दोन वेळा दुसऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे न विसरता घेण्यावर सारी भिस्त राहिली असती.

धाप लागते का, पायांवर सूज येते का, हेही आपण दर खेपेला विचारत होता. झडप फार बिघडली तर हे इंजेक्शनच हृदयाला झेपेल असे नाही आणि डॉक्टरांना गोळ्यांचा विचार करावा लागतो, असे आपण सांगितले होते. पालखीच्या दिवसांत रस्ते बंद होत, तेव्हा तारीख आधीच पाहून ‘दोन दिवस अलीकडे घेऊ, पलीकडे नको’ असा निरोप आपण पाठवला होता.

आतापर्यंत ५२ इंजेक्शने झाली. एकही तारीख चुकली नाही, आणि गेल्या इकोमध्ये झडपेची गळती वाढलेली नाही.

या सोमवारी आपल्या जागी आलेल्या नव्या सिस्टरांनी कार्ड हातात घेतले, आपली ती ओळ वाचली आणि मुलीला पहिला प्रश्न विचारला, ‘काही खाऊन आलीस ना?’ मग त्यांनी ट्रे जवळ ओढला.

आपली कृतज्ञ,
एका मुलीची आई