मेटल डिटेक्टर घेतला, पण सापडलेलं नाणं दाखवायचं कोणाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजकाल मेटल डिटेक्टर ऑनलाइन कोणालाही मिळतो, आमच्या भागात बऱ्याच हौशी पोरांनी घेतलाय, मीही घेतलाय, आणि आपल्याच रानात जुनी नाणी शोधायचा हा नाद मला मनापासून आवडतो म्हणूनच लिहितोय.

व्हिडिओ बघून वाटतं मशीन फिरवलं, बीप वाजला की नाणं हातात, पण तसं नसतं हो. मशीनच्या खालच्या गोल तबकडीतून, म्हणजे कॉइलमधून, जमिनीत चुंबकीय क्षेत्र जातं, खालच्या धातूत त्यानं करंट तयार होतो आणि त्याचा जो सिग्नल परत येतो त्यावरून स्क्रीनवर नंबर दिसतो, लोखंडाचा खाली, तांब्या-चांदीचा वर. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण भरपूर, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे त्या मातीचा सिग्नल वगळायची सेटिंग, केल्याशिवाय मशीन उगाच बोंबलत राहतं, आणि नवीन माणूस नेमका इथेच सेन्सिटिव्हिटी फुल करतो! उलट थोडी कमी केली की खरा सिग्नल स्वच्छ कळतो. कॉइल जमिनीला समांतर आणि जवळ ठेवायची, हळू फिरवायची, टोकाला हात वर जाऊ द्यायचा नाही. माझं तर नव्या लोकांना सांगणं आहे की आधी अंगणातच सराव करा, एक तांब्याचा जुना पैसा, अ‍ॅल्युमिनियमचे दहा पैसे, खिळा, बाटलीचं बूच, गोळ्यांची रिकामी पट्टी असं वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि कशाला काय नंबर येतो, काय आवाज येतो ते वहीत लिहा. आताचा स्टीलचा 1 रुपया चुंबकाला चिकटतो, म्हणजे मशीनवर लोखंडाचे सिग्नल बंद करून फिरलात तर कदाचित तोही दिसणार नाही. नंबर हा अंदाज असतो, कान तयार व्हायला वेळ लागतो.

पण मशीन शिकणं हा अर्धाच भाग झाला. नाणं निघाल्यावर पुढे काय करायचं हे कोणीच शिकवत नाही आणि खरी अडचण तिथे आहे.

मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय, सिनेमा बघून सोन्याच्या नाण्यांची अफवा पसरली आणि लोक रात्री टॉर्च, फावडी, डिटेक्टर घेऊन शेतं खणत बसले. असं खणून काही निघालं तरी ते सोनाराकडे जाऊन वितळणार. आता आमच्या नाशिक जिल्ह्यातलं जोगळटेंभी घ्या. 1906 साली तिथे चांदीची 13 हजारांवर नाणी एकत्र सापडली, सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं याचा एवढा मोठा पुरावा, आणि तो टिकला कारण साठा एकत्र राहिला. तीच नाणी दहा घरांत वाटली गेली असती तर काय कळलं असतं आपल्याला?

इंग्लंडमध्ये 1992 साली हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे निवृत्त गृहस्थ मित्राची शेतात हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी लागली. त्यांनी सगळं न उकरता थांबून कळवलं, मग तज्ज्ञांनी येऊन नीट काढलं, सुमारे 15 हजार नाणी निघाली आणि त्यांना साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, तेही त्यांनी शेतकऱ्यासोबत वाटून घेतलं. हातोडीसुद्धा सापडली, तीही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे 1997 पासून तिथे स्थानिक नोंदणी अधिकारीच नेमलेत, साधं नाणं असेल तर ते फोटो, वजन, जागा लिहून घेतात आणि नाणं परत देतात.

आपल्याकडे कायदा आहे तो 1878 चा, निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा. 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला कळवायचं, लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. किल्ल्यांवर, संरक्षित जागी तर खणायचंच नाही, हे मला शंभर टक्के पटतं. पण नांगरताना एक गंजकं नाणं निघालं तर शेतकरी कलेक्टर ऑफिसला जाईल का? तो घाबरतो, पोलीस मागे लागतील, जमीन अडकेल असं त्याला वाटतं आणि तो गप्प बसतो.

म्हणून पुरातत्त्व विभागाला कळकळीची विनंती आहे, निदान जिल्ह्याला एक माणूस असा द्या की ज्याच्याकडे न घाबरता नाणं घेऊन जाता येईल, त्याचा नंबर ग्रामपंचायतीत लावा, आणि नोंद झाल्यावर नाण्याचं पुढे काय होणार आणि सापडणाऱ्याला काय मिळणार हे साध्या मराठीत लिहून द्या. सुरुवात नाशिक आणि पुणे जिल्ह्यातून केली तर फार बरं होईल, जुन्नर भागातही सातवाहनांचा वावर मोठा होता.

आपला,
एक वाचक, जि. नाशिक