पायाळूचा डावा पाय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई पहिल्याच वाक्याला रडली असती आणि बाबांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहिते. येत्या 14 तारखेला माझ्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन आहे, सांधा बदलायचा. ठरलंय, पैसेही भरलेत.

सत्तेचाळिसाव्या वर्षी कशाला, असं म्हणाल. दोन वर्षं मीही तेच म्हणत गोळ्या खाल्ल्या. पण रात्री कूस बदलताना जाग येते. यंदा गौरींची पूजा उभ्याने केली, हे तुम्हाला बोलले नव्हते. आधीच्या डॉक्टरांनी कंबरेचं दुखणं म्हणून पट्टा दिला, त्यात वर्ष गेलं ते वेगळंच.

बाबा, खुब्याची वाटी जन्मापासून उथळ आहे, पण खरी मेख मांडीच्या हाडात निघाली. त्याची मान साधारण 10-15 अंश पुढे वळलेली असते, माझी 40च्या घरात. मी पाय आत टाकून चालायचे आणि तुम्ही 'पाय सरळ टाक' म्हणून ओरडायचात ना, ते यामुळे. मला सरळ टाकता येतच नव्हता हो! शिवाय हाडाची आतली पोकळी अरुंद आणि सरळसोट. विळ्याचं शेपूट जाड असलं की मूठ चिरते, तुम्हीच दाखवलं होतंत. तसंच हे. नव्या सांध्याची दांडी या पोकळीत बसवतात; नेहमीची ठोकली तर हाड चिरायचं, किंवा हाडाच्या पिळाबरोबर तीही पुढे वळून बसायची आणि नवा सांधा निखळायचा. म्हणून सीटी स्कॅनवर मापं घेऊन बारीक, शंकूसारखी दांडी ठरवलीय, ती हव्या त्या कोनात फिरवून बसवता येते.

खुबा किती वर सरकलाय याचे चार प्रकार 1979 साली क्रो, मणी आणि राणावत यांनी पाडले. राणावत म्हणजे वाजपेयींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करणारे, बाबा, तुम्हाला आठवतील. मी दुसऱ्या प्रकारात. चौथ्यात बहुतेकदा हाड कापून आखूड करावं लागतं, कारण पाय एकदम 4 सेंटिमीटरहून जास्त लांबवला तर नस ताणली जाते. माझा दोनच सेंटिमीटर आखूड आहे. तेव्हा घाबरू नका.

आई, आता तू. 'माझंच लक्ष नव्हतं' हे सुरू करू नकोस. पहिली मुलगी, त्यात पायाळू, अशा बाळांमध्ये हे जास्त आढळतं. आजीने दुपट्यात पाय सरळ करून आवळलं असेल, पण तेव्हा घरोघरी तेच चालायचं. आणि तू मला कडेवर घेऊन मळ्यात जायचीस ना, पाय दोन्हीकडे फाकलेले, खुब्याला तेच चांगलं असतं म्हणे. तुझ्या कमरेची ती जागा मला अजून आठवते. पदराला गुळाचा वास यायचा.

इथली काळजी नको. डब्याची बाई लावलीय, पलंग उंच केलाय, हे पंधरा दिवस रजेवर आहेत. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करणार आहेत. तुम्ही रात्रीच्या एसटीने निघायचं नाही. दादा पंचवीसला गाडीने आणेल. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही, आईला 'घेतली' असं खोटं सांगायचं नाही. येताना लोणचं आणलं तर आणा, बाकी ओझं नको.

एक राहिलं. मला आता उकिडवं बसता येणार नाही, म्हणून आपल्याकडे कमोड बसवायला सांगितलाय. माझ्यासाठीच हं, तुम्ही वापरलात तर वापरा. प्लंबर सोमवारी येईल. त्याला बाथरूमची भिंत फोडू देऊ नका.

तुमची,
बेबी

ता. क. उसण भरली म्हणून शेजारचे काका आले तर सांगा, पायाळूची लाथ दिवाळीपर्यंत बंद.