ब्रेक दाबल्यावर बदलणारी मोटारसायकल

महोदय,

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. परंतु एबीएस चाक जाम होऊ देत नाही, गाडीचे पुढे झुकणे मात्र थांबवत नाही, हे फारसे सांगितले जात नाही.

चालकासह २२० किलो वजनाची गाडी बऱ्यापैकी जोराने थांबवली, तर मागच्या चाकावरचा सुमारे ५० किलो भार पुढच्या चाकावर येतो. त्याने पुढचे शॉकअप दबतात, मागचे उचलले जातात, आणि एरवी उभ्या रेषेशी साधारण २५ अंशांचा असलेला स्टिअरिंगचा कल दोन-तीन अंशांनी कमी होतो. स्टिअरिंगचा अक्ष रस्त्याला जिथे मिळतो तो बिंदू आणि टायर टेकतो ती जागा यांतील अंतर, म्हणजे ‘ट्रेल’, त्यामुळे दीड-दोन सेंटीमीटरने घटते. चाकाला सरळ ठेवणारी शक्ती याच अंतरातून येत असल्याने हँडल हलके पडते, आणि हे घडते ते नेमके घाटातल्या उतारावरच्या वळणाआधी. कुशल चालक याच बदलाचा उपयोग गाडी चटकन वळवण्यासाठी करतो. मात्र ब्रेक एकदम दाबणाऱ्याला किंवा मध्येच सोडणाऱ्याला तो सावरत नाही.

लायसन्सच्या चाचणीत इंग्रजी आठचा आकार काढून घेतात, तशी पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत नेण्याची परीक्षाही घ्यावी, आणि पुढचे शॉकअप किती झटकन दबतात हे त्यांतील तेलावर अवलंबून असल्याने सर्व्हिसिंगमध्ये त्या तेलाची तपासणी आवर्जून व्हावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा